जुनी पिकअप का चालते, का थांबते?

अकोल्याहून वाशिम-हिंगोली-नांदेडकडे जाणारा रस्ता पातूर गाव मागे पडले की घाट चढू लागतो. खाली काळ्या मातीची सपाट जमीन, वर वाशिमकडचे पठार. सोयाबीन, तूर, कापूस, भाजीपाला, वाडेगावच्या बाजूची लिंबे, बाजारची जनावरे असा सगळा माल या दोन भागांमध्ये ये-जा करतो. ट्रकभर माल एका शेतकऱ्याकडे सहसा नसतो आणि बैलगाडीचे दिवस गेले. मधली जागा पिकअपने घेतली आहे.

नवी पिकअप घेणे वीस-बावीस वर्षांच्या मुलाच्या आवाक्याबाहेरचे असते. म्हणून तो जुनी घेतो. दहा-पंधरा वर्षे चाललेली, दोन-तीन मालकांच्या हाताखालून गेलेली. थोडे पैसे घरचे, थोडे कर्जाऊ. पहिले काही महिने गाडी रस्त्यावर कमी आणि गॅरेजात जास्त असते. मजुरी वाचवण्यासाठी मालक स्वतःच हातात पान्हा घेतो, मिस्त्रीच्या शेजारी बसतो आणि वर्षभरात अर्धा मिस्त्री होतो.

या मुलांपैकी अनेकांनी दहावीनंतर शाळा सोडलेली असते, आणि विज्ञान हा त्यांचा नावडता विषय असतो. पण गॅरेजात ते रोज जे करतात ते विज्ञानच असते. वायूचे संपीडन, ज्वलन, द्रवातील दाब, घर्षण, ऊर्जेचे रूपांतर हे पाठ्यपुस्तकातले धडे तिथे ग्रीस लागलेल्या हातांनी गिरवले जातात. फक्त त्या धड्यांची नावे तिथे कोणी घेत नाही. एरवी त्यावाचून फारसे अडत नाही. पण काही ठिकाणी हाताचा अनुभव अपुरा पडतो, आणि तत्त्व माहीत नसले तर ते जिवावर बेतते. घाट हे असे एक ठिकाण आहे. आपण इंजिनापासून सुरुवात करून घाटापर्यंत जाऊ.

इंचात मापलेले इंजिन

आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या महिंद्रा पिकअपमध्ये २५२३ घन सेंटिमीटरचे डिझेल इंजिन असते. हा आकडा मुलांना फळ्यावर काढून दाखवता येतो. इंजिनात चार सिलिंडर असतात. प्रत्येकाचा व्यास ८८.९ मिलिमीटर आणि त्यातल्या पिस्टनची वरखाली होण्याची लांबी १०१.६ मिलिमीटर. वृत्तचितीच्या घनफळाचे सूत्र वापरा: त्रिज्या ४.४४५ सेंटिमीटर, उंची १०.१६ सेंटिमीटर. एका सिलिंडरचे घनफळ सुमारे ६३०.७ घन सेंटिमीटर येते. चाराने गुणा, २५२३ मिळतात.

पण ८८.९ आणि १०१.६ असे अडनिडे आकडे का? त्यांना २५.४ ने भागले की उत्तर मिळते. ते बरोबर साडेतीन इंच आणि चार इंच आहेत! या इंजिनाचे घराणे ट्रॅक्टरचे आहे. १९६३ मध्ये महिंद्रांनी अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीच्या सहकार्याने भारतात ट्रॅक्टर बनवण्यासाठी कंपनी काढली. त्या घराण्यातली इंजिने इंचात आखलेली होती. देशात मेट्रिक मापे आली, इंजिनात अनेक सुधारणा झाल्या, पण सिलिंडरच्या मापात जुना इंच तसाच राहिला.

जुनी पिकअप तालुक्याच्या गावात दुरुस्त होऊ शकते याचे एक कारण इथे सापडते. ट्रॅक्टर तर गावोगाव आहेत. ज्याचे हात ट्रॅक्टरचे इंजिन खोलण्यात तयार झाले, त्याला या पिकअपचे इंजिन परके वाटत नाही. सुटे भाग मिळतात, लेथवर काम होते आणि सिलिंडर झिजला तर तो पुन्हा कातून मोठ्या मापाचा पिस्टन बसवता येतो. एखादे यंत्र किती दिवस जगेल हे त्याच्या मजबुतीवर जितके अवलंबून असते, तितकेच ते समजणारी माणसे जवळपास किती आहेत यावरही असते.

ठिणगीशिवाय आग

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग असतो. डिझेल इंजिनात तो नसतो. मग डिझेल पेटते कसे?

सायकलला जोराने हवा भरताना पंपाचे खालचे टोक गरम होते, हे मुलांनी अनुभवलेले असते. तिथे घर्षण थोडे असतेच, पण उष्णतेचे मोठे कारण म्हणजे हवेचे संपीडन. आपण हवा दाबण्यासाठी केलेले कार्य हवेच्या उष्णतेत रूपांतरित होते. डिझेल इंजिनात हेच फार मोठ्या प्रमाणावर घडते. समजा, पिस्टन वर येताना हवेचे आकारमान अठराव्या हिश्श्याइतके उरते. हे इतक्या झटपट होते की उष्णता बाहेर जायला फारसा वेळ मिळत नाही. ३० अंश सेल्सिअसच्या हवेचे तापमान त्यामुळे ५०० अंशांच्या वर जाते. त्या तापलेल्या हवेत नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा सुटतो आणि तो आपोआप पेट घेतो.

आता मिस्त्रीच्या एका जुन्या तक्रारीचा अर्थ लागतो: ‘थंडीत सकाळी गाडी चालूच नाही होऊन राह्यली.’ पिस्टनवरच्या रिंगा झिजल्या की दाबली जाणारी हवा फटीतून खाली निसटते. दाब कमी, म्हणून तापमान कमी. त्यात पौष महिन्यातल्या सकाळी इंजिनाचे लोखंड थंड असते आणि तेही हवेची उष्णता शोषून घेते. हवा डिझेल पेटण्याइतकी तापतच नाही. दुपारी हीच गाडी मुकाट्याने चालू होते.

म्हणूनच जाणता माणूस जुनी गाडी पाहायला जातो तेव्हा इंजिन थंड असतानाच ते चालू करून दाखवायला सांगतो. विकणाऱ्याने आधीच इंजिन तापवून ठेवले असेल, तर निम्मी परीक्षा वाया जाते. मग तो चालू इंजिनावरचे ऑइल भरण्याचे झाकण सैल करून पाहतो. तिथून धुराचे जोरदार फुत्कार येत असतील तर ज्वलनातले वायू रिंगा ओलांडून खाली चेंबरमध्ये उतरत आहेत असे समजावे. त्या इंजिनाचे काम जवळ आले आहे. हाताशी कोणतेही उपकरण नसताना केलेली ही दाबाची चाचणी आहे.

धुराचे तीन रंग

गॅरेजातले निदान बहुतेक वेळा धुरापासून सुरू होते. रंग तीन.

काळा धूर म्हणजे कार्बनचे कण. डिझेलच्या मानाने हवा कमी पडली की ज्वलन अपुरे राहते. कंदिलाची वात जास्त वर केली की काच काळी होते, तसेच हे. कारणे अनेक असू शकतात: हवेचा फिल्टर धुळीने चोंदलेला, नोझल नीट फवारा न करता थेंब टाकणारा, पंपातून डिझेल जास्त येणारे किंवा गाडीत माल फार भरलेला.

निळसर धूर म्हणजे इंजिनाचे ऑइल जळते आहे. ‘गाडी ऑइल खाऊन राह्यली’ असे आपल्याकडे म्हणतात, आणि ते शब्दशः खरे असते. झिजलेल्या रिंगांवाटे किंवा व्हॉल्व्हच्या बाजूने ऑइल ज्वलनाच्या जागी पोचते.

पांढऱ्या धुराचे अर्थ दोन. थंड इंजिनात न पेटलेल्या डिझेलची वाफ पांढरी दिसते आणि इंजिन तापले की थांबते. पण इंजिन तापल्यावरही पांढरा धूर चालूच असेल, रेडिएटरमधले पाणी रोज कमी होत असेल आणि इंजिनाचे ऑइल दुधासारखे दिसू लागले असेल, तर हेड गॅस्केट उडाल्याची शंका घ्यावी. पाणी सिलिंडरमध्ये किंवा ऑइलमध्ये शिरते आहे.

इथे शिकण्यासारखी गोष्ट रंगांच्या यादीहून मोठी आहे. एका लक्षणाची अनेक कारणे असू शकतात. काळा धूर दिसला म्हणून घाईने फिल्टर, नोझल आणि पंप तिन्हींचे काम एकदम काढले आणि धूर थांबला, तर नेमके काय बिघडले होते हे कळत नाही. तिन्हींचा खर्च मात्र होतो, आणि गाडीचा हप्ता भरणाऱ्या मुलाला तो परवडत नाही. चांगला मिस्त्री आधी सर्वांत स्वस्त आणि सोपी शक्यता तपासतो. फिल्टर काढून झटकतो आणि धूर पाहतो. फरक नाही? मग फिल्टर निर्दोष ठरतो आणि शोध पुढे सरकतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकीच्या तशाच ठेवायच्या आणि परिणाम पाहायचा. प्रयोगशाळेत आम्ही हेच करतो. आमची उपकरणे महाग असतात, एवढाच फरक.

द्रव दबत नाही, हवा दबते

डिझेल संपून गाडी बंद पडली, तर नुसते डिझेल टाकून ती चालू होत नाही. ‘एअर पकडली’ असे मिस्त्री म्हणतो. नळीत हवेचे बुडबुडे शिरलेले असतात. जुन्या पद्धतीच्या पंपाला नोझल उघडण्यासाठी वातावरणाच्या शेकडो पट दाब निर्माण करावा लागतो. द्रव जवळजवळ दबत नाही, म्हणून पंपाने दिलेला धक्का नळीतल्या डिझेलमधून सरळ नोझलपर्यंत पोचतो. मध्ये हवा असेल तर धक्का हवेला दाबण्यातच संपतो. म्हणून ठरावीक स्क्रू सैल करून, हातपंप मारून बुडबुडे काढावे लागतात.

ब्रेकची रचना याच तत्त्वावर चालते. पायाने पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधले ब्रेक ऑइल दाबले जाते, आणि पास्कलच्या नियमाप्रमाणे तो दाब चारही चाकांपर्यंत पोचतो. चाकाजवळचा पिस्टन मोठ्या क्षेत्रफळाचा असेल तर त्यावरचे बल त्याच प्रमाणात वाढते. या नळीत हवा शिरली की पेडल स्पंजासारखे लागते: पाय खाली जातो, पण ब्रेक लागत नाही. हे प्रत्येक पिकअपवाल्याला माहीत असते. हवा बाहेरून न शिरताही असे घडू शकते, ही गोष्ट मात्र पुष्कळांना माहीत नसते. त्यासाठी घाटात जाऊ.

घाट उतरताना

वरच्या पठारावरून खाली येणारी भरलेली पिकअप डोळ्यांसमोर आणा. गाडी आणि माल मिळून ३००० किलोग्रॅम धरू आणि उतारात उंचीचा फरक १०० मीटर धरू. वर असताना गाडीत खालच्यापेक्षा जास्त स्थितिज ऊर्जा असते. ती वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांच्या गुणाकाराइतकी: ३००० × ९.८ × १००, म्हणजे २९ लाख ४० हजार ज्यूल.

गाडी खाली येताना वेग वाढू द्यायचा नसेल, तर या ऊर्जेची विल्हेवाट कुठेतरी लावावी लागते. ऊर्जा नष्ट होत नाही. सगळा भार ब्रेकवर टाकला तर ती ब्रेकच्या लोखंडात उष्णता म्हणून उतरते. चारही चाकांच्या ब्रेकचे तापणारे लोखंड ४० किलोग्रॅम धरले आणि लोखंडाची विशिष्ट उष्मा ४६० ज्यूल प्रति किलोग्रॅम प्रति अंश धरली, तर तापमान सुमारे १६० अंशांनी वाढेल. वाऱ्याने थोडी उष्णता जाते, म्हणून प्रत्यक्षातली वाढ काहीशी कमी असेल. पण ही सरासरी आहे, सगळी चाके सारखी तापत नाहीत. शिवाय ३००० ऐवजी ४००० किलोग्रॅम भार असेल तर वाढ २१० अंशांच्या पुढे जाते. उंचीचा फरक दुप्पट असेल तर तीही दुप्पट होते.

एवढ्या तापमानाला तीन गोष्टी घडतात. लायनरचे घर्षण कमी होते. ड्रम तापून प्रसरण पावतो आणि लायनरपासून किंचित दूर जातो. तिसरी गोष्ट सर्वांत घातक: ब्रेक ऑइल उकळू शकते. डॉट ३ प्रकारच्या ताज्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असावा असे मानक आहे. पण हे द्रव हवेतली आर्द्रता शोषून घेते. पाणी मिसळलेल्या त्याच द्रवासाठी मानकातली मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येते. जुन्या गाडीत अनेक पावसाळे न बदललेले ब्रेक ऑइल असेल, तर घाटाच्या मध्यावर नळीत वाफेचे बुडबुडे तयार होतात. वाफ हवेसारखीच दबते. पेडल तळाला जाते आणि ब्रेक लागत नाही. गाडी थांबून थंड झाली की वाफेचे पुन्हा द्रव होते, आणि गॅरेजात तपासताना ब्रेक ठणठणीत दिसतो! अनुभवी माणूसही इथे चकतो, कारण दोष पाहायला जावे तेव्हा तो तिथे नसतो.

उपाय सोपे आहेत. ज्या गिअरमध्ये घाट चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचे. मग चाके इंजिनाला फिरवतात आणि बरीचशी ऊर्जा इंजिनात खर्ची पडते. डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे किंवा इंजिन बंद करणे ही सवय दुहेरी चुकीची आहे. गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की पंप डिझेल तोडतो, उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यापुरते डिझेल जळतच राहते. आणि इंजिन बंद केले तर ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम तयार होणे थांबते. साठलेला व्हॅक्यूम दोन-चार वेळा पेडल दाबल्यावर संपतो आणि पेडल दगडासारखे घट्ट होते.

याच हिशेबात आणखी एक प्रथा तपासून पाहा. जास्त माल भरता यावा म्हणून मागच्या कमानीत पाटे वाढवतात. गाडी मग ओझ्याने बसत नाही, आणि ती तेवढे वजन सहज पेलते असे वाटते. पण पाट्यांनी फक्त कमानीची ताकद वाढली. ब्रेकचे लोखंड तेवढेच राहिले, टायर तेच राहिले, अ‍ॅक्सल तोच राहिला. गाडी बसलेली दिसणे ही धोक्याची सूचना होती. आपण सूचना झाकली, धोका तसाच राहिला.

वेगाचेही तसेच. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ४० किलोमीटरऐवजी ६० ने जाणारी गाडी थांबवायला दीडपट नव्हे, सव्वादोन पट ऊर्जा ब्रेकला शोषावी लागते.

नव्या गाड्या, जुने शहाणपण

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ मानके लागू झाली, आणि आता या गाड्याही हळूहळू जुन्या बाजारात येत आहेत. त्यांत डिझेलचा फवारा संगणक ठरवतो आणि कॉमन रेल नळीतला दाब वातावरणाच्या हजार पटींहून जास्त असतो. जुन्या गाडीत कोणता सिलिंडर काम करत नाही हे शोधण्यासाठी चालू इंजिनात एकेका नोझलच्या नळीचे नट सैल करून पाहण्याची पद्धत होती. नव्या इंजिनात हे कधीही करू नये. एवढ्या दाबाची बारीक चिळकांडी कातडीच्या आत शिरते आणि बोट गमवावे लागू शकते.

नव्या गाडीला स्कॅनर लावून दोषाचा सांकेतिक क्रमांक वाचता येतो. पण तो क्रमांकही धुराच्या रंगासारखाच एक लक्षण आहे. दाब कमी असल्याचे सेन्सर सांगेल, पण तो पंपामुळे कमी आहे, फिल्टरमुळे आहे की सेन्सरच बिघडला आहे, हे माणसालाच शोधावे लागते. एका वेळी एक गोष्ट तपासण्याची शिस्त ज्याने जुन्या इंजिनावर कमावली, त्याला ती इथेही उपयोगी पडते.

वर्गात काय करता येईल?

दोन वेगवेगळ्या मापांच्या सुया काढलेल्या सिरिंज घ्या, पाण्याने भरा आणि सलाइनच्या नळीने जोडा. लहान सिरिंजचा दट्ट्या दाबून मोठीचा दट्ट्या किती सरकतो आणि किती जोर लावतो ते मुलांना पाहू द्या. मग नळीत मुद्दाम हवेचा मोठा बुडबुडा सोडा. तोच दट्ट्या दाबताना बोटाला लागणारा फरक म्हणजे एअर पकडलेला ब्रेक.

जवळच्या घाटाचा समोच्चरेषा असलेला नकाशा मिळवा. घाटाच्या दोन टोकांच्या उंचींतला फरक काढून वरचे गणित स्थानिक आकड्यांनी करा. भार दीडपट केला तर काय होते तेही काढा.

आणि एक दिवस गावातल्या मिस्त्रीला वर्गात बोलवा. त्याला भाषण करायला सांगू नका. मुलांना प्रश्न विचारू द्या: धूर काळा असेल तर तुम्ही आधी काय पाहता? ते नसेल तर मग काय? त्याची उत्तरे फळ्यावर फांद्या फुटलेल्या झाडासारखी मांडा. शक्य असेल तर मुलांना गॅरेजात न्या, पण इंजिन बंद असताना. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरायचे नाही, खाली घोडी लावलेली असली पाहिजे. आणि मुलींना मागे उभे करू नका, पान्हा त्यांच्याही हातात द्या.

तुमच्या वर्गातली काही मुले दोन-चार वर्षांनी जुनी पिकअप घेतील. नोझल आणि रिंगा त्यांना मिस्त्री शिकवेल, आणि चांगल्या शिकवेल. जुने ब्रेक ऑइल घाटात का उकळते, हे मात्र त्यांना गॅरेजात कदाचित कळणार नाही. उत्कलनबिंदूचा धडा तुम्ही नववी-दहावीत शिकवताच. तो शिकवताना पाण्याच्या भांड्याबरोबर ब्रेक ऑइलच्या डबीचाही उल्लेख करा.